पहिला पिकलेला टोमॅटो: देठापासून ताटलीपर्यंत

काल संध्याकाळी तिसऱ्या कुंडीतला टोमॅटो लालबुंद दिसला. या हंगामातला पहिलाच. मी तो तोडला नाही. नानांना हात धरून गच्चीवर आणलं, त्यांचा तळहात त्या फळाखाली नेला आणि विचारलं, "नाना, झाला का?" त्यांनी तो तोलला, अंगठ्याने हलकेच दाबला आणि म्हणाले, "उद्या. उन्हं उतरली की."

नाना माझे वडील, वय ८१. नजर अधू झाल्यापासून त्यांना रंग ओळखू येत नाहीत. तरी आमच्या घरात टोमॅटो कधी तोडायचा हे तेच ठरवतात, आणि त्यांनी सांगितलेल्या दिवशी तोडलेलं फळ मी स्वतःच्या अंदाजाने तोडलेल्या फळापेक्षा दरवेळी चांगलं निघालं आहे. पाच हंगाम मी त्यांच्याशेजारी उभी राहून हे शिकते आहे. ज्यांच्याकडे यंदा पहिल्यांदाच टोमॅटो लागलेत, त्यांच्यासाठी ते सगळं लिहून काढते.

सगळ्यात आधी एक विनंती. पहिलं फळ शिजवू नका. तीन-साडेतीन महिने पाणी घालून, आधाराच्या काठ्या बांधून, बगलफूट खुडून जे एकुलतं एक फळ हाती येतं, ते घाईघाईत पातेल्यात जातं किंवा फ्रिजमध्ये जाऊन बसतं. पातेल्यासाठी पुढे भरपूर येणार आहेत. पहिला कच्चाच खायचा, आणि तोही नेमक्या दिवशी. तो नेमका दिवस कसा ओळखायचा, यातच खरी मेहनत आहे.

दिवस मोजा, पण फुलापासून

बियाण्याच्या पाकिटावर जे दिवस छापलेले असतात ते बहुतेक वेळा रोप लावल्यापासूनचे असतात. त्यांचा मला फारसा उपयोग होत नाही. मी प्रत्येक झाडावरच्या पहिल्या उमललेल्या फुलाची तारीख वहीत लिहिते. माझ्याकडे चेरी टोमॅटोला फुलापासून साधारण ४० ते ४५ दिवस लागतात आणि मोठ्या गोल जातींना ५० ते ६०. हवा गार असेल तर त्याहून जास्त.

या दिवसांतला शेवटचा टप्पा सगळ्यात कठीण. फळाचा आकार पूर्ण झालेला असतो, आणि तरी ते रोज सकाळी तसंच हिरवं दिसतं. इथे माणसाचा धीर सुटतो. कोणी खत घालतं, कोणी पाणी वाढवतं. दोन्ही करू नका. नत्र जास्त झालं तर झाड पानं वाढवत बसतं. या काळात फळ आतून काम करत असतं. बियांभोवतीचा घट्ट गर सुटून बुळबुळीत होत असतो, बिया पक्व होत असतात. बाहेरून दिसणारी खूण एकच: गडद हिरवा रंग फिकट होत पांढुरका होतो. पुष्कळदा बुडाशी एक फिकट चांदणीसारखा ठसाही दिसतो. तो दिसला की समजा, आता फार दिवस उरले नाहीत.

त्यानंतर फळ स्वतःच इथिलीन नावाचा वायू सोडायला लागतं आणि त्याने पिकण्याची सगळी चक्रं फिरतात. हिरवं हरितद्रव्य मोडतं, लायकोपीन हे लाल रंगद्रव्य तयार होतं. रंग बुडाकडून चढतो आणि देठाकडे सगळ्यात शेवटी पोचतो. म्हणून वरून बघून निराश होऊ नका. वाकून बूड बघा.

लायकोपीन तयार व्हायला ढोबळमानाने २० ते २५ अंश सेल्सिअस तापमान मानवतं. पारा सतत ३० च्या वर राहिला तर ते नीट तयार होत नाही, पण पिवळी-नारिंगी द्रव्यं होत राहतात. कडक उन्हाळ्यात फळं नारिंगीवरच अडून बसतात त्याचं कारण हे. अशा वेळी झाडाला दोष देऊ नका. दुपारपुरतं सावलीचं जाळं बांधा, किंवा रंग फुटलेलं फळ तोडून घरात सावलीत ठेवा.

पाण्याबद्दल एक गोष्ट मला फार महागात पडली. दोन हंगामांपूर्वी चार दिवस बाहेरगावी जावं लागलं. परतले तेव्हा माती भेगाळली होती आणि पानं लोंबत होती. मी घाबरून दोन बादल्या पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वर्षातला पहिला, जवळजवळ तयार टोमॅटो देठापासून खालपर्यंत उकललेला होता. सुकलेल्या मुळांना एकदम पाणी मिळालं की गर फुगतो आणि सालीला तेवढं ताणता येत नाही. तेव्हापासून रंग चढायला लागला की मी पाणी थोडं कमी करते, पण रोज तितकंच आणि त्याच वेळी. थोडं कमी पाणी मिळालं की फळ जरा लहान राहतं आणि चव दाट होते. झाड कोमेजेपर्यंत मात्र ताणायचं नाही.

पहिल्याच फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग आला तरी मन मोडू देऊ नका. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही तेव्हा असं होतं, आणि बहुतेकदा मूळ कारण पाण्याची अनियमितता हेच असतं. पहिल्या घोसात हे जास्त दिसतं, पाणी नियमित झालं की पुढची फळं सहसा स्वच्छ येतात. पक्षी टोच मारतात म्हणून मी पहिल्या फळाला पातळ जाळीदार कापडाची पिशवी सैलसर बांधते. तेवढं पुरतं.

नानांची बोटं

आता मुद्द्याचं. लाल झाला म्हणजे पिकला, असं आपण धरून चालतो. माझा अनुभव असा की सगळीकडून लाल झाल्यावरही फळाला एक ते तीन दिवस हवे असतात. या दिवसांत गर मऊ होतो, आंबटपणा उतरतो आणि वास भरतो. रंग मात्र फारसा बदलत नाही, म्हणून डोळ्यांना हे दिवस कळत नाहीत. नानांच्या बोटांना कळतात.

त्यांची पद्धत अशी. आधी हात धुऊन कोरडे करायचे. फळ झाडावर असतानाच तळहात खालून लावायचा आणि थोडं उचलायचं. पिकलेलं फळ दिसतं त्यापेक्षा जड लागतं. मग अंगठ्याचा मांसल भाग देठाजवळच्या खांद्यावर टेकवून अगदी थोडं दाबायचं. बोटाचं टोक किंवा नख लावायचं नाही, तिथे आतून डाग पडतो. कसं लागायला हवं ते समजण्यासाठी नानांनी मला स्वतःच्याच हातावर शिकवलं: मूठ घट्ट आवळा आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेला उंचवटा दाबा, तो कच्चा टोमॅटो. मूठ अर्धी सैल करा, तो काल लाल झालेला. हात पूर्ण सैल सोडा आणि तोच उंचवटा दाबा, तो खायचा टोमॅटो. त्याहून मऊ, बोट आत रुतेल असा झाला, की वेळ थोडी टळून गेली. तो शिजवायला उत्तम.

बूड आणि खांदे दोन्हीकडे दाबून बघा. बूड मऊ आणि खांदे टणक असतील तर अजून एक दिवस थांबा.

ही हातांची परीक्षा आणखी एका कारणासाठी शिकून घ्यावी. काही जाती पिकल्यावरही हिरव्या राहतात, काही पिवळ्या, काही काळपट तांबड्या होतात. तिथे रंगाचा आधारच नाही. पट्ट्यापट्ट्यांची 'ग्रीन झेब्रा' मी एकदा लावली होती. हिरव्या पट्ट्यांमधली जागा पिवळसर होते एवढीच खूण. त्या वर्षी नानांशिवाय माझं एकही फळ वेळेवर तुटलं नसतं.

जुन्या जातींचे खांदे शेवटपर्यंत थोडे हिरवे राहतात. तो दोष समजू नका. सगळीकडून एकसारखं लाल दिसावं म्हणून अनेक दशकं एक विशिष्ट जनुकबदल निवडून वाढवला गेला, आणि २०१२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या संशोधनात दिसलं की त्याच बदलामुळे कच्च्या फळातलं हरितद्रव्य आणि पर्यायाने साखर कमी होते. गडद हिरव्या खांद्यांचं फळ कच्चं असताना स्वतःही थोडीफार साखर बनवत असतं. घरच्या बागेत आपल्याला दुकानाच्या फळीवर शोभायचं नाहीये, त्यामुळे मी आवर्जून खांदेवाल्या जाती लावते.

वासाबद्दल एक सावधगिरी. झाडापाशी जो तिखट-हिरवा वास येतो आणि आपण 'ताज्या टोमॅटोचा वास' म्हणतो, तो फळाचा नसतो. पानांवर आणि खोडावर बारीक ग्रंथी असलेली लव असते, तिचा तो वास. हात लागला की बोटं पिवळी-हिरवी होतात तीही तिच्यामुळेच. म्हणून झाडावर वास घेऊन फळाची परीक्षा होत नाही. तोडल्यावर वरची हिरवी पाकळी काढा आणि देठ निघालेल्या खळग्याला नाक लावा. सालीतून वास फारसा सुटत नाही, त्या खळग्यातून सुटतो. गोडसर वास आला की झालं. काहीच आलं नाही तर तो खळगा खाली करून, सावलीत, ताटलीवर एक दिवस ठेवा.

तोडताना

ओढू नका. देठावर फळापासून थोड्या अंतरावर एक फुगीर सांधा असतो. फळ तळहातात धरून वर उचला आणि त्या सांध्यावर अंगठा ठेवून वाकवा. तयार फळ तिथून 'टक्' करून सुटतं. काही जातींना हा सांधाच नसतो, त्यांना कात्री लावा.

वेळ कुठली? पहाटे तोडलेलं फळ ताठ आणि गार असतं, टिकायला चांगलं. पण पहिलं फळ टिकवायचं नाहीच. मला ते उन्हं उतरताना तोडलेलं आवडतं, दिवसभराची ऊब आत असताना. उबदार फळाचा वास गार फळापेक्षा जास्त सुटतो. फक्त भर उन्हात, हाताला चटका बसेल असं असताना तोडू नका. तेव्हा ते लिबलिबीत लागतं.

एखाद्याला घाईने गावी जायचं असेल, किंवा पाऊस कोसळणार असेल, तर थोडा रंग फुटलेलं, म्हणजे पाडाला आलेलं फळ तोडून घरात अढी घालावी तसं ठेवलं तरी पिकतं, आणि चांगलं पिकतं. उन्हात, खिडकीच्या काचेला लावून ठेवण्याची गरज नाही. पिकायला ऊब लागते, ऊन नाही. पूर्ण हिरवं तोडलेलं फळ मात्र लाल झालं तरी चवीला पोकळच राहतं.

चिरताना

फळ साध्या पाण्याने धुवा आणि पुसून कोरडं करा. सुरी दातेरी घ्या. बोथट सुरीने साल दबते, आतला रस फळीवर सांडतो आणि ताटलीत नुसता गाळ येतो.

एकट्याने खायचा असेल तर आडव्या, बोटाच्या निम्म्या जाडीच्या चकत्या करा. आतले कप्पे दिसतात, ते बघण्यातही आनंद आहे. पण एका फळाचे तीन वाटेकरी असतील, आमच्याकडे असतात तसे, तर उभ्या फोडी करा, देठापासून बुडापर्यंत. चकत्या केल्या की एकाला मधली रसाळ मिळते आणि दुसऱ्याला टोकाची नुसती साल. उभ्या फोडीत प्रत्येकाला खांदा, बूड, गर, बिया सगळं येतं. नाना, मी आणि लेक, तिघांना सारखं मिळावं म्हणून मी हे करायला लागले आणि आता एकटी असले तरी बरेचदा उभंच चिरते.

बिया आणि त्यांच्याभोवतीचा बुळबुळीत रस काढून टाकायची पुष्कळांना सवय असते. कच्चा खाताना तसं करू नका. टोमॅटोची ती खोल, तोंडभर पसरणारी चव ग्लुटामिक आम्लातून येते, आणि २००७ साली रीडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजून दाखवलं की ते बाहेरच्या गरापेक्षा आतल्या रसाळ भागात जास्त असतं. चवीचा गाभाच आपण फेकून देतो.

चिरल्यावर लगेच घास घेऊ नका, आणि अर्धा तास ठेवूही नका. सुरीने पेशी फुटतात तेव्हा आतली विकरं आणि स्निग्ध आम्लं एकत्र येतात आणि त्यातून ताज्या कापलेल्या गवतासारखा वास देणारी द्रव्यं तयार होतात. अखंड फळात ती फारशी नसतात. फोडी ताटलीत मांडून, सुरी धुऊन, सगळे येऊन बसेपर्यंत जो मिनिटभर जातो तेवढा पुरे.

पहिला घास मिठाशिवाय घ्या. काहीही न लावता. डोळे मिटून, हळू चावा आणि तोंड बंद ठेवून नाकाने श्वास सोडा. टोमॅटोची बरीचशी चव तिथे, घशाकडून नाकात जाणाऱ्या वाफेत असते. आधी गोड येतं, मग आंबट, मग ती खोल चव. या क्रमाकडे लक्ष द्या. जात बदलली की क्रमही बदलतो.

दुसऱ्या घासाला मीठ. जाड मीठ चिमटीत चुरडून थेट फोडीवर, दोनचार कण. मीठ घालून लगेच खाल्लं तर फोड कुरकुरीत आणि मीठ वेगळं लागतं. दहा मिनिटं ठेवलं तर पाणी सुटतं, गर दाट होतो आणि ताटलीत गुलाबी रस साठतो. पहिल्या फळाला मी लगेचचं मीठ पसंत करते. तो रस साठलाच तर ताटली तिरकी करून पिऊन टाका, सांडू नका. तिसऱ्या घासाला चांगल्या तेलाचा एक थेंब घालून बघा. टोमॅटोतला वास आणि लायकोपीन दोन्ही स्निग्धात विरघळणारे आहेत, त्यामुळे तेलाने चव रेंगाळते. साखर मी कधीच घालत नाही. घालावीशी वाटली तर फळ एक दिवस आधी तुटलं असं समजा.

चेरी टोमॅटो असेल तर सुरी नको. तो अख्खा तोंडात टाका, ओठ मिटा आणि मग दाबा.

फ्रिजबद्दल

पूर्ण पिकलेल्या टोमॅटोला फ्रिज सोसत नाही. २०१६ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी फळं ५ अंशांवर सात दिवस ठेवून पाहिली. साखर आणि आम्लं जवळपास तशीच राहिली, पण वासाची द्रव्यं बनवणारी जनुकं मंदावली आणि फळ पुन्हा उबेत आणल्यावरही ती पुरती सावरली नाहीत. म्हणून फ्रिजमधला टोमॅटो जिभेला ठीक आणि नाकाला मुका लागतो. आपलं फळ दोन-तीन दिवसांत खाऊन होणार असेल तर ते बाहेरच, ताटलीवर, एकमेकांना न चिकटवता ठेवा. खळगा खाली असू द्या, फळातलं पाणी मुख्यतः तिथूनच उडतं. अगदीच खराब होईल अशी वेळ आली तर एक-दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा आणि खाण्याआधी तासभर तरी बाहेर काढा.

दहा-बारा दिवसांनी एकदम पसाभर फळं यायला लागतील. तेव्हा शिजवा, वाळवा, वाटा, काय हवं ते करा.

बी धरताना

संकरित जात असेल तर बी धरून उपयोग नाही, पुढच्या पिढीत गुण विखुरतात. सरळ जात असेल तर मात्र जरूर धरा. टोमॅटोचं फूल बहुतेक वेळा स्वतःचंच परागण करतं, त्यामुळे जात बऱ्यापैकी शुद्ध राहते. बुळबुळीत आवरणासकट बिया वाटीत काढा, दोन चमचे पाणी घाला, झाकण न लावता कापड टाकून दोन-तीन दिवस ठेवा. रोज एकदा ढवळा. वर पातळ साय धरते, आंबूस वास येतो; येऊ द्या. आवरण सुटलं की बिया तळाशी बसतात. चाळणीत घेऊन स्वच्छ धुवा आणि काचेच्या किंवा चिनी मातीच्या बशीत पसरून सावलीत वाळवा. कागदावर वाळवल्या तर चिकटून बसतात. नीट वाळल्या आणि कोरड्या जागी राहिल्या तर चार वर्षं तरी उगवतात.

आज उन्हं उतरल्यावर नानांनी तो टोमॅटो स्वतःच्या हाताने तोडला. सहा फोडी झाल्या, प्रत्येकाला दोन. नानांनी पहिली फोड तोंडात घेतली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत, मग दुसऱ्या फोडीला मीठ मागितलं. माझ्या एका फोडीतला गर मी वाटीत काढून ठेवलाय. सतरा बिया आहेत. वाळल्या की पुडीवर लिहीन: कुंडी ३, फुलापासून ५४ दिवस, लाल झाल्यावर दुसरा दिवस, नाना म्हणाले तेव्हा तोडला.